पांढरी बोट दिसली की कोळ्याला काय वाटतं?

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता आणि मी रविवारी वेसाव्याला मामाकडे गेले होते. मामा आता बोटीवर जात नाही, गुडघे गेलेत, मामेभाऊ जातो, पण दारात बसून जाळं सांधायचं काम अजून मामाकडेच आहे. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरतो, हातात दोरा भरलेली चपटी प्लास्टिकची सुई, आणि नजर भलतीकडे असली तरी गाठ बरोबर जागेवर बसते. मी शेजारी बसून त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, जो मी त्या आठवड्यात दहा वेळा तरी पाहिला असेल.

११ ऑगस्टचा व्हिडिओ, दक्षिण चीन समुद्रातला, स्कारबरो शोलजवळचा. शोल म्हणजे समुद्रातली उथळ, खडकाळ जागा, आणि या जागेवर चीन आणि फिलिपिन्स दोघेही हक्क सांगतात. फिलिपिन्स कोस्ट गार्डची एक छोटी बोट, बीआरपी सुलुआन, जीव खाऊन पळतेय आणि मागे चीनच्या कोस्ट गार्डचं जहाज लागलंय, नंबर ३१०४. तेवढ्यात चीनच्याच नौदलाची विनाशिका आडवी येते, सुलुआन मधून निसटते आणि ती दोन चिनी जहाजंच एकमेकांवर आदळतात. पांढऱ्या जहाजाची अख्खी नाळ, म्हणजे पुढचं टोक, चेपून आत जाते, पत्र्याचा डबा पायाखाली आल्यासारखी. धडकेच्या आधी त्या नाळेवर माणसं उभी दिसतात.

मामाची सुई थांबली. "आन ती पोरं गो?"

त्याला चीन, फिलिपिन्स काही दिसलं नाही, पुढे उभी असलेली पोरं दिसली. मी म्हटलं चीनने त्यांच्याबद्दल काही सांगितलं नाही, पण फिलिपिन्सवाल्यांनी लगेच रेडिओवरून विचारलं की मदत हवी का, औषधपाणी हवंय का. मामा म्हणाला, "हां, त्ये बरोबर केलं." मग विचारतो की ती छोटी बोट तिथं करत काय होती. मी सांगितलं की ती त्यांच्या मच्छीमारांना इंधन आणि सामान पोचवायला गेली होती, तीसेक बोटी होत्या तिथे त्यांच्या. मामाने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि व्हिडिओ पहिल्यापासून परत लावला.

मी बेलार्ड इस्टेटला शिपिंगच्या ऑफिसात काम करते, दिवसभर जहाजं, चार्ट, पोर्टचे कागद हेच चालू असतं, त्यामुळे या बातम्या मी गेली काही वर्षं सलग वाचतेय. आणि मला सारखं जाणवतंय की कोस्ट गार्ड या गोष्टीचा अर्थच आपल्या डोळ्यांदेखत बदलत चाललाय आणि त्याबद्दल आपल्याकडे मराठीत फारसं कोणी बोलत नाही, बोललंच तर कोणाची जहाजं किती आणि तोफा किती एवढंच. म्हणून लिहितेय.

आपलं कोस्ट गार्ड कसं जन्माला आलं ते आठवा. सत्तरच्या दशकात मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर सोन्याची, घड्याळांची, कापडाची तस्करी जोरात होती, कस्टमवाल्यांकडे पुरेशा बोटी नव्हत्या, आणि नौदलाची मोठी जहाजं तस्करांच्या मागे पळवणं परवडण्यासारखं नव्हतं. त्यात १९७६ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर भारताने कायद्याने हक्क सांगितला, म्हणजे राखायला एवढा मोठा समुद्र आला. सरकारने नेमलेल्या रुस्तमजी समितीने वेगळं दल हवं असं सांगितलं, १ फेब्रुवारी १९७७ ला नौदलाकडून घेतलेली दोन जुनी फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) आणि पाच गस्ती बोटी यावर कामाला सुरुवात झाली आणि १९७८ मध्ये कायदा होऊन ते रीतसर उभं राहिलं. काम काय, तर तस्कर पकडा, चोरून मासेमारी करणारी परदेशी जहाजं पकडा, तेलाचे तवंग आवरा आणि बुडणाऱ्याला वाचवा. रंग पांढरा. नौदलाचा राखाडी रंग लांबून दिसू नये म्हणून असतो, कोस्ट गार्डचा पांढरा लांबून दिसावा म्हणून, आणि मला यातच सगळं आलं असं वाटतं.

आमच्या ऑफिसातले सीनियर लोक अजून १९९९ ची अलोंड्रा रेनबोची गोष्ट सांगतात. जपानी मालकाचं जहाज, ॲल्युमिनियम भरलेलं, इंडोनेशियातून निघालं आणि चाच्यांनी पळवलं, नाव पुसून दुसरं रंगवलं. अरबी समुद्रात कोस्ट गार्डच्या ताराबाई जहाजाने त्याला गाठलं, ते थांबेना, शेवटी नौदलाची प्रहार ही युद्धनौकाही आली आणि जहाज पकडून मुंबईला आणलं. खटला इथेच चालला, सेशन्स कोर्टात शिक्षा झाली आणि पुढे हायकोर्टात सगळे सुटले. चाचेगिरीसाठी तेव्हा आपल्याकडे धड कायदाच नव्हता, तो २०२२ मध्ये झाला. पण त्या एका पाठलागातून भारत आणि जपानच्या कोस्ट गार्डची जी दोस्ती झाली ती आजपर्यंत आहे, २००० पासून दोघांचा एकत्र सराव चालतो. कोस्ट गार्डने देशादेशांत असंही नातं जोडता येतं.

आता तिकडे काय झालं बघा. २०१२ च्या एप्रिलमध्ये याच स्कारबरो शोलवर फिलिपिन्सने चिनी मच्छीमारांना पकडायला आपलं नौदलाचं जहाज पाठवलं. त्यांच्याकडे तेव्हा तेच सगळ्यात मोठं होतं, म्हणून ते पाठवलं. चीनने समोर युद्धनौका न आणता सागरी निरीक्षण विभागाची पांढरी जहाजं आणली आणि जगाला सांगितलं की बघा, आम्ही साधं सरकारी काम करतोय आणि हे आमच्यावर नौदल घालतायत. काही आठवडे ताणाताणी चालली, फिलिपिन्सने जहाजं मागे घेतली, चीनची तिथेच राहिली. फिलिपिन्सच्या लुझोन बेटापासून साधारण १२० सागरी मैलांवरची जागा, एक गोळी न झाडता हातातून गेली. २०१६ मध्ये हेगच्या लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला, दोन्ही देशांच्या मच्छीमारांचा तिथे परंपरागत हक्क आहे असंही म्हटलं, पण चीनने तो निकालच मानला नाही.

त्यानंतर चीनने तोच रस्ता धरला. २०१३ मध्ये वेगवेगळ्या खात्यांच्या बोटी एकत्र करून एक मोठं कोस्ट गार्ड केलं, २०१८ मध्ये ते सरळ लष्कराच्या साखळीखाली नेलं, २०२१ पासून परदेशी जहाजांवर शस्त्र चालवायची परवानगी देणारा कायदा, आणि २०२४ च्या जूनपासून परदेशी माणसांना ६० दिवसांपर्यंत डांबून ठेवायचा नियम. १२ हजार टनांच्या आसपासचं एक जहाज आहे त्यांचं, ५९०१ नंबरचं, ते कित्येक देशांच्या युद्धनौकांपेक्षा मोठं आहे. रंग पांढराच.

हे सगळं का, तर नौदलाने गोळी झाडली की युद्ध, कोस्ट गार्डने पाणी मारलं की कायद्याची अंमलबजावणी. पाण्याचा मारा ऐकायला किरकोळ वाटतो पण त्या दाबाने केबिनच्या काचा फुटतात आणि आतली माणसं कापली जातात, मार्च २०२४ मध्ये फिलिपिन्सचे चार नौसैनिक असेच जखमी झाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या दुसऱ्या वादाच्या जागेजवळ चिनी कोस्ट गार्डची माणसं चाकू आणि कुऱ्हाडी घेऊन फिलिपिन्सच्या रबरी बोटींवर चालून आली आणि एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. त्याच्या काहीच दिवस आधी तिथले राष्ट्राध्यक्ष मार्कोस बोलले होते की आमचा नागरिक जाणूनबुजून मारला गेला तर ते युद्धाच्या अगदी जवळचं असेल. म्हणजे रंग पांढरा ठेवला म्हणून युद्ध लांब राहतं हे खरं नाही, फक्त रेषा कुठे आहे हे कोणालाच दिसेनासं होतं.

मामाला मी आइसलँडची गोष्ट पण सांगितली, कारण ती मला फार आवडायची. आइसलँडला नौदलच नाही. सत्तरच्या दशकात ब्रिटिश ट्रॉलर त्यांच्या समुद्रातला कॉड मासा उपसून नेत होते, तर यांच्या कोस्ट गार्डने एक कापायचं हत्यार बनवलं, ते पाण्यातून ओढत ट्रॉलरच्या मागून जायचं की जाळ्याची वायर तुटून जाळं तळाला. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये एगिर जहाजाने ते पहिल्यांदा वापरलं. ब्रिटनने रॉयल नेव्हीची फ्रिगेट पाठवली, धडकाधडकी झाली, आणि १९७६ मध्ये ब्रिटनलाच २०० मैलांची हद्द मान्य करावी लागली. छोट्या देशाने मोठ्याला नमवलं म्हणून मी कौतुकाने सांगत होते. मामाने मांडीवरच्या जाळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जालं कापलं? मासलीसकट?" मग बराच वेळ काही बोलला नाही. त्या ट्रॉलरवरच्या खलाशांचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. हद्द आइसलँडची बरोबर होती असं मी आजही म्हणेन, पण आता ती गोष्ट सांगताना तळाला गेलेलं जाळं पण डोळ्यासमोर येतं.

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? २६ नोव्हेंबर २००८ ला ते दहाजण आले ते कुबेर नावाच्या मच्छीमार बोटीतून, त्यावरचे आपले पाचही जण मारून. बधवार पार्कजवळ मच्छीमार नगरला उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनीच. पण एकदा मच्छीमाराचं रूप कोणी वापरलं की त्यानंतर प्रत्येक मच्छीमाराकडे संशयाने बघितलं जातं. २००९ पासून किनारा सुरक्षेत समन्वयाची जबाबदारी कोस्ट गार्डकडे आली, बोटींना रंगाचे कोड आले, खलाशांना बायोमेट्रिक कार्ड आली. मामेभावाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी डब्यात, डबा केबिनच्या छताला बांधलेला. कोस्ट गार्डची रबरी बोट शेजारी आली की आधी तो डबा सुटतो. भाऊ म्हणतो तपासतात, नावं विचारतात, हवामान सांगतात आणि जातात, आणि त्यांना १५५४ वर फोन लावला की रात्री दोन वाजता पण उचलतात. त्याला त्यांची भीती वाटत नाही, आणि ही फार मोठी गोष्ट आहे, चीनच्या बातम्या वाचायला लागल्यापासून मला ती जास्तच मोठी वाटते.

पण हाच भाऊ गुजरातच्या वर गेला तर? सर क्रीक ही कच्छमधली ९६ किलोमीटरची खाडी, तिथे जमिनीवर रेषा कुठे संपते हेच भारत आणि पाकिस्तानमध्ये ठरलेलं नाही, म्हणून पुढे समुद्रातली हद्दही ठरलेली नाही. पाण्यावर कुठे पट्टा मारलेला नसतो, प्रवाह ओढतो, इंजिन बंद पडतं, नाहीतर मासळीच्या मागे दोन मैल जास्त जाणं होतं, आणि समोर पाकिस्तानची मरीटाइम सिक्युरिटी एजन्सी उभी. म्हणजे त्यांचं कोस्ट गार्डच, जहाजं तीही पांढरी. बोट जप्त, माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तर गोळीबारात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी बोटीवरच गेला. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, २००८ च्या कराराप्रमाणे, आणि डहाणू, तलासरीकडच्या पाड्यांवर कोणाचं ना कोणाचं नाव त्या यादीत असतं. आपल्याकडेही त्यांचे मच्छीमार असतात, हेही लिहायला पाहिजे. त्यांच्याही घरी कोणीतरी याच दोन तारखा मोजत असेल.

१७ नोव्हेंबर २०२४ ला एक वेगळी बातमी आली. पाकिस्तानच्या नुसरत या जहाजाने आपल्या सात मच्छीमारांना उचललं आणि परत फिरलं, आपल्या कोस्ट गार्डच्या अग्रिम जहाजाने पाठलाग करून त्याला गाठलं आणि सातही जणांना परत आणलं. बोट मात्र बुडाली. गोळी नाही, पाण्याचा मारा नाही, अडवलं, बोलले आणि माणसं घेतली. ही बातमी मला तोंडपाठ आहे कारण मला वाटतं कोस्ट गार्डचं काम हे, आपली माणसं घरी आणायची आणि समोरच्यालाही परत जाता येईल एवढी जागा ठेवायची. आपण फिलिपिन्सशी २०२३ मध्ये कोस्ट गार्डचा करार केलाय, मार्च २०२४ मध्ये आपलं समुद्र पहरेदार तिथे जाऊन आलं, ते पण प्रदूषण नियंत्रणाचं जहाज, तेल आवरणारं. मला ते बरं वाटलं. उद्या आपल्याकडेही कोणी म्हणेल की चीनसारखी अजस्त्र पांढरी जहाजं बांधा आणि धडका मारा, तेव्हा जे बोलायचं ते मला आजच बोलून ठेवायचंय की नको. ज्या दिवशी मामेभाऊ पांढरा रंग बघून इंजिनचा स्पीड वाढवेल त्या दिवशी १५५४ ला फोन कोण लावणार?

मामाच्या बोटीवर दोन वर्षं असलेला डहाणूकडचा एक पोरगा या सीझनला गुजरातच्या मालकाकडे गेला. तिकडे आगाऊ रक्कम जास्त मिळते, बहिणीचं लग्न आहे, मामाला त्याला अडवणं जमलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला आला होता, मी तिथेच होते. मामीने त्याला सुका बोंबील बांधून दिला. मामाने कार्ड बघायला मागितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, परत पिशवीत घालून पिशवीला स्वतः गाठ मारली. आणि म्हणाला, "वर गेलास की लक्षात ठेव. पांढरी बोट दिसली तर हात करायच्या आधी झेंडा बघ."

पोरगा हो म्हणाला. आता तो ओख्याला असतो, बोट किनाऱ्याला लागली की मामाला मिस कॉल देतो. गेल्या वेळेला अकरा दिवसांनी आला.