डब्ल्यू उर्सा मेजोरिस: टेसचा वक्र आणि आखाड्यावरचं घड्याळ

मृग लागला आणि कॅमेरा पेटीत गेला. परभणीकडे त्यानंतर आभाळ उघडलं तरी तासाभरापुरतंच. पण उन्हाळ्यात आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, काढलेले एका ताऱ्याचे फोटो आणि टेस या नासाच्या ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीचा डेटा एकमेकांशी ताडून बघायचं काम मुद्दामच पावसाळ्यावर ढकललं होतं. ते बऱ्यापैकी हातावेगळं झालंय, म्हणून ही नोंद.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. डब्ल्यू उर्सा मेजोरिस हा सप्तर्षीच्या तारकासमूहातला रूपविकारी तारा. आपल्या सात ऋषींपैकी नव्हे. अस्वलाच्या आकृतीत पुढच्या बाजूला थीटा आणि उप्सिलॉन आहेत, त्या दोघांच्या जवळपास मधोमध दुर्बिणीत सापडतो. 1903 मध्ये म्यूलर आणि केम्प्फ यांनी पॉट्सडॅमला त्याचे बदल ओळखले. अंतर सुमारे 170 प्रकाशवर्षं. तिथे दोन तारे इतके लगटून फिरतात की दोघांचं बाहेरचं वायूचं आवरण एकच झालंय. एका गोधडीत दोघं निजावेत तसं. त्यामुळे दोघांचं तापमान जवळपास सारखं, आणि कोणीही कोणाला झाकलं तरी प्रकाश जवळपास तितकाच उतरतो: 7.75 प्रतीवरून 8.48 पर्यंत (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद). आकड्यात हा फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब केला तर प्रकाश निम्म्यावर येतो. साध्या बायनॉक्युलरमधून, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत दोन तास बसलं तर डोळ्यांनाही कळतं.

आवर्तकाल, म्हणजे एका फेरीचा वेळ, 8 तास 26 सेकंद. यातली गंमत मला वक्र, म्हणजे वेळेनुसार प्रकाश कसा बदलतो त्याचा आलेख, काढायला लागल्यावर उमगली. तीन फेऱ्या म्हणजे 24 तास 1 मिनिट 18 सेकंद. म्हणजे आज रात्री साडेनऊला मिनिमा (प्रकाश सर्वांत कमी होतो तो क्षण) असेल तर उद्याही साडेनऊलाच, फक्त सव्वा मिनिट उशिरा. महिनाभरात तो जेमतेम 39 मिनिटं सरकतो. एका फेरीत दोन मिनिमा असल्यामुळे दर चार तासांनी एक येतो, तेव्हा रात्र कोरी जायचा प्रश्न नाही. पण एकाच जागेवरून, रोज त्याच वेळी फोटो काढणाऱ्याला आठवडाभर वक्राचा तोच तुकडा दिसत राहतो. सबंध वक्र हवा असेल तर एक तर रात्रभर जागा, नाही तर काही महिने धीर धरा. की मग टेस.

टेस 18 एप्रिल 2018 ला उडाला. चार कॅमेरे, आकाशाचा 24 गुणिले 96 अंशांचा पट्टा, आणि एका पट्ट्यावर सुमारे 27 दिवस नजर. तेवढ्यात आपल्या ताऱ्याच्या 80 च्या आसपास फेऱ्या होतात. दर 2 मिनिटांच्या नोंदी असतील तर एका फेरीत 240 बिंदू. 200 सेकंदांच्या पूर्ण चौकटींतून कापून घेतलं तरी 144. आखाड्यावर बसून हे जन्मात जमणार नाही. मधे एक खिंडार असतं, कारण साधारण 13.7 दिवसांच्या कक्षेत यान पृथ्वीच्या जवळ आलं की डेटा खाली पाठवतं. त्या खिंडाराच्या अलीकडे-पलीकडे पृथ्वी किंवा चंद्राचा विखुरलेला उजेड घुसून वक्र तिरका झालेला दिसला तर तो भाग सरळ कापून टाकायचा. तिथे जीव अडकवू नये.

पायथनमधल्या लाइटकर्व्ह या पॅकेजनं टेसच्या फाइली उतरवल्या. त्यात दोन वक्र येतात, सॅप (कच्चा) आणि पीडीसीसॅप (साफ केलेला). ग्रह शोधणारे दुसरा घेतात, कारण त्यातून यानाचे हेलकावे काढलेले असतात. पण ही साफसफाई करणाऱ्या यंत्रणेला निम्म्यानं उतरणारा तारा म्हणजे काहीतरी बिघाडच वाटायची भीती असते. अशा जोड्यांसाठी मी सॅप वापरतो. आणि ‘फ्लॅटन’ ही आज्ञा तर अजिबात देऊ नका. तिचं काम हळूहळू होणारे बदल पुसणं. आठ तासांची आपली लाट ती हळू बदलातच धरते आणि हातात सपाट रेघ उरते.

मिनिमाची नेमकी वेळ काढायला क्वी आणि व्हान वूर्डेन यांची 1956 ची पद्धत पुरते. उतार आणि चढ एकमेकांवर दुमडून कुठल्या क्षणी सर्वांत चांगले बसतात ते बघायचं. टेसवर ती काही सेकंदांपर्यंत वेळ देते. वक्र नीट बघितला तर दोन शिखरांची उंचीही तंतोतंत सारखी दिसत नाही. पृष्ठभागावरच्या डागांचा हा परिणाम, ओकॉनेल परिणाम म्हणतात. माझ्या फोटोंत तो गोंगाटात बुडतो.

आता आपलं घड्याळ. या नोंदीतला खरा ऐवज हाच आहे.

फोटो काढले मार्च-एप्रिलमध्ये. मार्चअखेरीस हा तारा रात्री साडेनऊच्या सुमारास याम्योत्तरावर, म्हणजे आकाशातल्या दक्षिणोत्तर रेषेवर, येतो, परभणीहून 53 अंश उंचीवर. जुना डीएसएलआर, 135 मिलिमीटरची लेन्स, छोटा ट्रॅकर. फोकस किंचित बिघडवून ठेवायचा, म्हणजे तारा जास्त पिक्सेलवर पसरतो, आणि मोजताना फक्त हिरवा चॅनल घ्यायचा. थ्री फेज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात शेजारचे मामा पाणी द्यायला येतात आणि त्यांचा बल्ब थेट लेन्समध्ये. एकदा विचारलं त्यांनी, “भाऊ, रोज तोच तारा काढून काय निघतंय?” म्हटलं, “मामा, वेळ निघते.” त्यानंतर ते आपण होऊन बल्बवर पोतं टाकतात.

कॅमेऱ्याच्या घड्याळावर विसंबायचं नाही. सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवर जीपीएसची वेळ सेकंदांसह उघडायची आणि त्याच कॅमेऱ्यानं तिचा फोटो काढायचा. दोन फोटोंतून घड्याळ किती पुढे आहे आणि रात्रीतून किती सरकलं, दोन्ही कळतं. मग साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ. ज्युलियन दिवस (खगोलात वापरतात ती दिवसांची सलग मोजणी) आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, म्हणून अख्खी रात्र एकाच दिवसात बसते. टेसची वेळ ज्या टीडीबी मापात असते ते जागतिक वेळेच्या 69 सेकंद पुढे आहे, ते मिळवायचे. फाइलीतल्या आकड्यात 2457000 वजा केलेले असतात, तेही ध्यानात ठेवायचं. शेवटी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याची दुरुस्ती. जानेवारीच्या अखेरीस पृथ्वी सूर्याच्या मानानं या ताऱ्याच्या बाजूला असते, तेव्हा प्रकाश आपल्याला साडेसहा मिनिटांच्या आसपास आधी मिळतो. जुलैअखेरीस तितकाच उशिरा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ही दुरुस्ती साधारण तीन मिनिटांची. ॲस्ट्रोपाय या पायथनमधल्याच पॅकेजला परभणीचे अक्षांश-रेखांश दिले की तो करून देतो, पण एकदा तरी हातानं करावी. आकडा कुठून आला ते कळतं.

एवढं सगळं केल्यावर टेसच्या मिनिमांवरून बांधलेलं, पुढचे मिनिमा कधी येतील ते सांगणारं समीकरण पुढे चालवलं आणि माझे मिनिमा त्यावर टाकले. चांगल्या रात्रींचे मिनिटभराच्या आत बसले. एप्रिलमधल्या धुळकट रात्रींचे दीड-दोन मिनिटं इकडेतिकडे. माझा मिनिमा पहिला की दुसरा हे माझ्या फोटोंवरून मुळीच सांगता आलं नसतं, खोली सारखीच. ते टेसच्या समीकरणावरून ठरलं.

मग टेस असताना आपण कशाला? कारण टेस एका पट्ट्यावरून गेला की पुन्हा तिथे यायला बराच काळ जातो. आणि या जोडीचा आवर्तकाल शतकभरात स्थिर राहिलेला नाही. समजा तो सेकंदाच्या फक्त विसाव्या भागानं बदलला. एका फेरीत कोणाच्या लक्षात येणार नाही, पण वर्षात 1095 फेऱ्या होतात आणि तफावत साठत 55 सेकंदांवर जाते. म्हणजे आपल्या हाताच्या टप्प्यात. ओ वजा सीचा, म्हणजे दिसलेली वेळ वजा गणितानं आलेली वेळ याचा, आलेख अशाच बिंदूंवर उभा राहतो.

वेळेची चूक किती महागात पडते याचं उदाहरण हंस तारकासमूहातलं आहे. केआयसी 9832227 ही अशीच चिकटलेली जोडी 2022 च्या सुमारास विलीन होईल असं 2017 मध्ये जाहीर झालं, वर्तमानपत्रांत आलं. वृश्चिकातल्या व्ही1309 चं 2008 मध्ये तसं झालेलंही होतं, त्यामुळे अंदाज वेडगळ नव्हता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं तपासलं तेव्हा 1999 च्या एका जुन्या मिनिमाच्या वेळेत 12 तासांची चूक निघाली आणि भाकीत बारगळलं. (औंढ्याला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय तर त्यात हे कळेल का, असं इथे बरेच जण विचारतात. नाही. ती कृष्णविवरं आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या शेवटच्या घिरट्या ऐकते. आपली जोडी त्यामानानं फारच संथ.)

पुढचं लक्ष्य व्हीडब्ल्यू सेफी, वृषपर्वातला. आवर्तकाल 6 तास 40 मिनिटांच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिनिमा एकाच रात्रीत पकडता येतील. दसऱ्यानंतर आभाळ धुऊन निघतं तेव्हा संध्याकाळी उत्तरेला असतो, पण आपल्या अक्षांशावरून जेमतेम 34 अंशांपर्यंतच चढतो. उत्तरेकडे गावाचा उजेड असेल तर जागा बदला. लातूर, नांदेड, हिंगोलीतून कोणी त्याच रात्री कॅमेरा लावणार असेल तर कळवा. तुलनेचे तारे एकच ठरवू, आणि जीपीएस वेळेचे दोन फोटो मात्र प्रत्येकानं काढायचेच.