दिवा लागण्याआधी

“तंबाखूनं डोकं चालतं, हे उंदरांवर सिद्ध झालंय ना?” मी पीएचडीसाठी निकोटिनवर काम केलं हे कळलं की हा प्रश्न येतोच. परीक्षेच्या आदल्या रात्री सिगारेट ओढणारी मुलं विचारतात, रात्रभर ट्रक चालवणारे माझे मामा तंबाखू मळता मळता विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे सगळं ज्या चाचणीवर उभं आहे ती १९८० च्या दशकात केंब्रिजमध्ये ट्रेव्हर रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. एक छोटी पेटी, तिच्या गोलसर भिंतीत पाच भोकं. त्यांतल्या एकात जेमतेम अर्धा सेकंद दिवा लागतो. उंदरानं त्याच भोकात नाक घातलं की समोरच्या बाजूच्या खाचेत साखरेची गोळी पडते. चुकलं तर गोळी नाही, वर पाच सेकंद अंधार. पुढच्या दिव्यासाठीही पाच सेकंद थांबायचं. एका बैठकीत असे शंभरेक दिवे. त्यासाठी जनावरांना मोजून-मापून कमी खायला द्यावं लागतं, आणि ते मला कधीच सहज जमलं नाही. एकेक उंदीर तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, तोवर त्यांचे स्वभाव कळायला लागतात. आमच्याकडे एक होता, दिवा लागेपर्यंत शांत बसून राहायचा. त्याच्यासारखा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

त्याला त्वचेखाली किलोमागे ०.१ मिलिग्रॅम निकोटिन दिलं आणि पाचातला तिसरा सेकंद संपायच्या आत त्याचं नाक भोकात होतं. दिवा लागलाच नव्हता.

लंडनमध्ये इयन स्टोलरमन यांच्या गटानं या विषयावर बरंच काम केलंय. थोड्या मात्रेत निकोटिन दिलं की उंदरांच्या नजरेतून दिवे कमी सुटतात, नेमकेपणा किंचित वाढतो, उत्तर लवकर येतं. हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण फायदा बारीक असतो, बऱ्याचदा चाचणी मुद्दाम अवघड केल्यावरच नीट दिसतो. आणि त्याच कोष्टकात शेजारी आणखी एक रकाना असतो: दिव्याआधीच घातलेली नाकं. तोही आकडा वाढतो. मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं निरोप नेणारं रसायन असतं; ते पेशींवरच्या ज्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, बसतं तिथेच निकोटिन जाऊन बसतं, आणि त्यातून डोपामिन हे दुसरं तसंच रसायनही वाढतं. लक्षाबरोबर घाईही येते ती अशी. बातमीत पहिला रकाना छापून येतो, दुसरा राहून जातो.

मामांना मी आणखी एक गोष्ट सांगते. उंदरांना कातडीखालच्या पंपातून काही दिवस सतत निकोटिन दिलं आणि मग अचानक बंद केलं, तर त्यांचे दिवे जास्त सुटायला लागतात. म्हणजे मामांना चिमूट दाढेखाली ठेवल्यावर जी तरतरी येते, तिच्यातला बराच भाग मागची चिमूट उतरल्यानं आलेली मरगळ भरून काढण्यातच जातो.

मुलांना मात्र मी आधी आम्स्टरडॅमचा प्रयोग सांगते. २०११ साली प्रसिद्ध झालेला. वयात येणाऱ्या उंदरांना काही दिवस निकोटिन दिलं, मग थांबवलं. ते मोठे झाले तेव्हा याच चाचणीत त्यांचं लक्ष कमी भरलं, आणि त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट या अशाच आणखी एका रसायनाचा एक ग्राही घटलेला सापडला. विचारणारी मुलं बहुधा सतरा-अठराची असतात.