मनगट वळव, आत्या

होळी पेटली की नागपुरात माणसं दोन गोष्टी शोधायला लागतात, कूलरचा मिस्त्री आणि स्वतःच्याच घरातला पेचकस. मिस्त्री एक वेळ सापडतो.

आमचा पेचकस पिवळ्या मुठीचा, बाबांनी इतवारीच्या लोहा ओळीतून आणलेला. त्यानं स्क्रू पिळले, रंगाचे डबे उघडले, करवंटीतलं खोबरं काढलं, एकदा पालही हाकलली. यंदा तो ऐन वेळी बेपत्ता. नेमका त्याच आठवड्यात भाचा पुण्याहून आला आणि माझ्या हातात एक जाडजूड टॉर्चसारखं काहीतरी ठेवलं. बॅटरीवरचा पेचकस म्हणे.

"ड्रिलसारखा बोटानं ओढायचा खटका कुठंय रे याचा?"

"खटका नाहीच, आत्या. हे बटण दाबून धर आणि मनगट वळव. उजवीकडे वळवलं की स्क्रू आत, डावीकडे वळवलं की बाहेर. जास्त वळवलंस तर जास्त जोरात."

मी बटण दाबलं, मनगट जरा वळवलं. घुर्रर्र. सरळ केलं, गप्प. मी लुना चालवलेली बाई आहे. मूठ पिळली की गाडी पळते हे माझ्या मनगटाला केव्हाचं ठाऊक. पुढची दहा मिनिटं दिवाणखान्यात मी हवेतल्या हवेत स्क्रू पिळत होते.

भाच्यानं आतली करामत समजावून सांगितली. आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो. यंत्र वळलं की ती थरथर किंचित बाजूला ढळते, आणि तेवढ्यावरून चिपला कळतं की हात कुठे आणि किती वेगानं फिरला. चालता चालता व्हिडिओ काढताना फोन चित्र स्थिर ठेवतो, तो याच जातीच्या सेन्सरच्या भरवशावर.

आता सेन्सर म्हटलं की नागपूरकर जरा जपूनच असतो. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं पारा थेट ५६ अंशांवर नेऊन ठेवला होता. बाहेरगावचे नातेवाईक फोन करकरून आम्ही आहोत ना, याची खात्री करून घेत होते. मग हवामान खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आमचा खरा विक्रम ४७.९ चा, २३ मे २०१३ चा. तेवढा आम्हाला पुरतो.

तर कूलर. वर्षभर खिडकीबाहेर ताडपत्री पांघरून बसलेलं ते पत्र्याचं धूड, ताट्या बदलायच्या, पंप बघायचा, आणि खिडकीची फट बुजवायला प्लायवूडची पट्टी ठोकायची. पट्टीपासून सुरुवात केली. सहा स्क्रू असे गेले, जसे श्रीखंडात बोट. इथे मला एक खाजगी आनंदही झाला, कारण मी डावखुरी आहे. जगातले बहुतेक स्क्रू उजवीकडे फिरवून घट्ट होतात, आणि उजव्या हाताला ते सोपं जातं, कारण तळवा वर वळवताना दंडाचा मोठा स्नायू मदतीला येतो. डाव्या हातानं तेच करायचं तर तळवा खाली वळवावा लागतो, आणि तिथे तो स्नायू चक्क अंग काढून घेतो. जन्मभर मी प्रत्येक स्क्रूशी कमी ताकदीनं भांडले. या यंत्राला डावा हातसुद्धा जरासा कलला की पुरे.

पण पुढच्या जाळीपाशी गंमत संपली. स्टुलावर चढून, भिंत आणि कूलर यांच्या सांदीत हात घातला तेव्हा तो आधीच अर्धा पिळवटलेला होता. आता आणखी वळवू कुठे? आणि तोल सावरायला अंग जरा फिरलं, की यंत्राला वाटायचं हुकूम आला. स्क्रू डोळ्यांदेखत सुटला आणि पाण्याच्या टाकीत टुपकन गेला. तेव्हा मला खटक्याची किंमत कळली. ब्लॅक आणि डेकर या दोघा अमेरिकनांनी पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेल्या विजेच्या ड्रिलचं पेटंट १९१७ साली घेतलं. खटका एकाच बोटाचं काम मागतो, बाकी हात वाटेल तसा वाकडा करा. शंभरावर वर्षं जगभरच्या सुतारांनी ती रचना मुकाट्यानं वापरली. तिच्याबद्दल तक्रार कुणी केली होती, हे मला अजून कळलेलं नाही.

दुपारी मिस्त्री आले. यंत्र उलटसुलट करून पाहिलं. "ताई, हे टॉर्च हाय का?" बटण दाबलं, फिरेना. "दाबलं त काही होऊनच नाही राह्यलं." म्हणून नीट बघायला तोंडासमोर वळवलं, आणि ते एकदम घुरघुरलं. "अरे बाप्पा!"

पंपाच्या पट्टीचा स्क्रू जंगून बसला होता. एवढ्याशा मोटरला तो दाद देईना. मिस्त्रींनी त्यावर तेलाचे दोन थेंब सोडले, बटणाला हातही न लावता आख्खं यंत्र मुठीत धरलं आणि साध्या पेचकसासारखं पिळलं. म्हणजे बाबांच्या पिवळ्या मुठीचंच काम, फक्त बॅटरीसकट. आधी जरासं घट्ट, मग सैल. स्क्रू कुरकुरला. मग मात्र त्यांनी बटण दाबलं आणि मनगट इकडे-तिकडे, इकडे-तिकडे झुलवायला लागले. जंगलेला स्क्रू असाच पुढं-मागं करत काढावा लागतो, आणि खटक्याच्या यंत्रात दर वेळी दिशेची कळ बदलावी लागते. इथे नुसतं मनगट डोलवलं की झालं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आदर दिसला. मला वाटतं, या खेळण्याचा खरा उपयोग एवढ्यातच आहे, तेलाच्या थेंबानंतरच्या अर्ध्या मिनिटात.

भाचा म्हणाला, हाच सेन्सर मोठ्या ड्रिलमध्ये जास्त शोभतो. स्लॅबमध्ये भोक पाडताना बिट सळईत अडकलं की ड्रिल स्वतःच गर्रकन फिरतं आणि मनगट मुरगळून टाकतं. काही नव्या ड्रिलमध्ये अशी अचानक गिरकी ओळखून मोटर तिथल्या तिथं बंद होते. मिस्त्रींनी हे ऐकून आपलं उजवं मनगट पुढे केलं. ते थोडं तिरपं होतं. "सात वर्षं झाले. बीममध्ये सळई लागली होती."

कूलर सुरू झाला. नव्या ताट्यांचा ओला वास घरभर पसरला. मिस्त्री जाताना दारात थांबले, यंत्राकडे पुन्हा एकदा बघितलं.

"ताई, चांगलं हाय. हेच, पण खटकेवालं भेटते का?"