त्रेसष्ट लाख, पण कधी?

बुधवार, रात्री साडेअकरा

कर्वेनगरचा फ्लॅट विकायला काढून दोन महिने झाले. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून गेलेली माणसं एकदम याच आठवड्यात उगवली. तिघं. ६६, ६३ आणि ६० लाख.

६६ वाल्यांचा विषय आईनेच संपवला. त्यांना अ‍ॅग्रीमेंट ४९ लाखांचं हवं, वरचे १७ रोख. एजंट म्हणे, “ताई, सगळेच करतात.” आई चहा गाळत होती. “मग ते सतरा लाख मी ठेवू कुठे, डाळीच्या डब्यात? वारज्याचं घर देणाऱ्या माणसाला तर चेकच द्यायचाय.” घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, हे मी सांगणार होते. गरजच पडली नाही.

६० वाल्यांना कर्ज नको. पंधरा दिवसांत खरेदीखत, पूर्ण पैसे. घर त्यांनी धड बघितलंही नाही. जिन्यात उभं राहून सोसायटीचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलंय तेवढं विचारलं. ६३ वालं जोडपं तरुण, दोघं नोकरी करणारी. ती बाल्कनीत गेली, बाबांनी लावलेला कढीपत्ता बघून म्हणाली, “हा इथेच ठेवाल का?” आणि मी पाघळले. हे लिहून ठेवते, कारण आज दिवसभर दादाला त्यांच्या बाजूने जे मुद्दे ऐकवले, त्यातले निम्मे त्या कुंडीतून उगवलेले होते.

दादाचं बंगळूरहून एकच पालुपद: हातात पडतील ते खरे. आईच्या गुडघ्यांसाठी वारज्याला लिफ्टवाला वन बीएचके ठरवलाय, इसार दिलाय, बाकीचे पैसे पुढच्या महिनाअखेरीस द्यायचेत. ६३ वाल्यांचं कर्ज अडकलं तर आपला इसार बुडेल. चूक काहीच नाही त्यात.

म्हणून संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसले. ६३ वर बँक ८० टक्के देणार, म्हणजे फार तर ५० लाख ४० हजार. उरलेले १२ लाख ६० त्यांचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर घेतला तर ६, म्हणजे पावणेचार लाखांच्या वर. नोंदणीचे ३० हजार वेगळे. हे काही बँक कर्जात धरत नाही. जवळजवळ सतरा लाख पदरचे हवेत. एजंटमार्फत विचारवलं, जरा ओशाळल्यासारखं झालं. तिने सरळ मलाच फोन केला: अठरा आहेत, एफडी मोडून. सगळं आधीच मांडून ठेवलं होतं पोरीने.

खरी धास्ती व्हॅल्युएशनची, म्हणजे बँक स्वतः घराची किती किंमत धरते त्याची. १९९४ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बँकेच्या माणसाने ५७ लावले तर कर्ज ४५ लाख ६० हजारांवर येणार. वरचे पावणेपाच लाख ती दोघं कुठून आणणार? कागदांची तेवढी काळजी नाही. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर झालंय, आम्हा भावंडांचं हक्कसोडपत्र नोंदवलंय, आणि भोगवटापत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, सेक्रेटरींच्या कपाटात सापडलं (एक कोपरा उंदरांनी खाल्लाय, शिक्का शाबूत).

जेवताना आईला सगळं सांगितलं. वाटलं, कढीपत्त्याचं ऐकून विरघळेल.

“टोकन किती देतायत?”

“पन्नास हजार.”

“पन्नास हजार सोडून माणूस सहज पळतो. तीन लाख म्हण. बँकेचं मंजुरीपत्र वीस दिवसांत. बँकेने नाही म्हटलं तर सगळे परत देऊ. त्यांनीच नाही म्हटलं तर नाही. इसारपावतीत तसंच लिहायचं.”

तीस वर्षं हिशेब खात्यात काढलेली बाई. मग तिनेच वारज्याला फोन लावून तीन आठवड्यांची मुदत मागितली. दोनच मिळाले.

६० वाल्यांना अजून काही कळवलेलं नाही. दादा म्हणतो, सह्या होईपर्यंत गप्प बस. आई म्हणते, कुणाला ताटकळत ठेवू नये, सकाळी सांगून टाक. सकाळी आधी त्या पोरीला तीन लाखांचं विचारते.