मला गोडच वाइन आवडते, आणि नाशिकला जाऊन मी तीच मागते

नाशिकला वाइन टेस्टिंग करून आले असं सांगितलं की आमच्या इंदूरच्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न ठरलेला, अगं पण ती कडू-तुरट लागते ना, तू पितेस कशी? आणि नाशिकच्या काउंटरवर गोड वाइन कुठली आहे असं विचारलं की तिथला प्रश्नही ठरलेला, मॅडम पहिल्यांदाच ट्राय करताय का? दोन्हीकडे डोक्यात एकच, की खरी वाइन म्हणजे ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली, आणि गोड ती नवशिक्यांची. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी टेस्टिंगला जातात, लाजेखातर ड्राय रेड घेतात, एक घोट घेऊन ग्लास नवऱ्याकडे सरकवतात आणि घरी येऊन सांगतात की वाइन आपल्याला काही झेपत नाही. अरे पण तुम्हाला आवडेल ती वाइन तुम्ही मागितलीच कुठे!

मुळात वाइन गोड होते कशी ते बघा. द्राक्षाच्या रसात साखर असतेच, यीस्ट ती खातं आणि तिचं अल्कोहोल होतं, ढोबळ हिशोब असा की लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्च झाली की एक टक्का अल्कोहोल तयार. सगळी साखर संपेपर्यंत आंबू दिलं की ड्राय, आणि मधेच टाकी खूप थंड करून यीस्टला थांबवलं की उरलेली साखर वाइनमधे राहते, तिला रेसिड्युअल शुगर म्हणतात. युरोपच्या नियमात लिटरला ४५ ग्रॅम आणि त्यावर असेल तर ती स्वीट, हंगेरीच्या टोकाई असू वाइनला तर किमान १२० ग्रॅम लागतात. म्हणजे चांगल्या गोड वाइनमधला गोडवा द्राक्षाचाच असतो, वरून ओतलेला नाही. आपल्याकडे हे कोणाला माहीतच नाही कारण गोड वाइन म्हणजे गोव्याच्या ट्रिपवरून आणलेली स्वस्त पोर्ट एवढीच ओळख, आणि ती पिऊन डोकं धरलं की सगळ्या गोड वाइन बदनाम. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली, तिच्यात रस आंबत असतानाच द्राक्षाची ब्रँडी घालतात, म्हणून ती गोडही राहते आणि २० टक्क्यांच्या आसपास कडकही होते. त्या दोघींचं फक्त नाव सारखं.

माझी आवडती मात्र लेट हार्वेस्ट. नाशिककडे ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी होते आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. लेट हार्वेस्टसाठी काही घड मुद्दाम वेलीवरच ठेवतात, मणी सुरकुततात, आतलं पाणी कमी होतं, साखर आणि वास दोन्ही घट्ट होत जातात. तेवढे दिवस बागायतदाराचा जीव टांगणीला, पाखरं आहेत, मधमाश्या आहेत, मार्चमधे अवकाळी पाऊस किंवा गारा आल्या तर संपलंच, आणि एवढं करून रस निघतो थोडासाच. म्हणून ही वाइन बऱ्याचदा ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत मिळते आणि तिचा भाव बघून लोक नाक मुरडतात. मला तो भाव योग्य वाटतो. नवशिक्यांसाठी म्हणून कोणी एवढा धोका पत्करत नाही.

आपल्याकडे ही बहुतेक शनॅं ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची करतात आणि त्याला कारण आहे, हे द्राक्ष पिकलं तरी त्यातला आंबटपणा टिकून राहतो. नुसती साखर असेल तर सिरप होईल, तो आंबटपणा असतो म्हणून घोट गिळल्यावर तोंड चिकट होत नाही, मधाचा, पिकलेल्या पपईचा, संत्र्याच्या सालीचा वास मागे रेंगाळतो आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. मुरांबा कसा, कैरी आंबट म्हणून तर चांगला लागतो, अगदी तसंच आहे हे.

आता जायचं कसं. इंदूरकरांना नाशिक म्हणजे एबी रोड धरायचा आणि निघायचं, खलघाटला नर्मदा, मग सेंधवा, बिजासन घाट, धुळं, मालेगाव, चांदवड, एकूण चारशे किलोमीटरच्या आसपास. पिंपळगाव बसवंत आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूला द्राक्षबागा दिसायला लागतात. माझी मावसबहीण नाशिकलाच असते त्यामुळे मुक्कामाची चिंता नाही, पण हॉटेल घेणार असाल तर गंगापूर रोडच्या बाजूला घ्या. सुला वाइनरी तिकडेच, त्यांची टेस्टिंग रूम २००५ पासून आहे, यॉर्क वाइनरी जवळच, सोमाही त्याच पट्ट्यात. शनिवार-रविवारी सुलाला एवढी गर्दी असते की ओतणाऱ्याला तुमच्याशी बोलायलाही वेळ नसतो, त्यामुळे शक्य असेल तर मधल्या वारी सकाळी जा. लेट हार्वेस्ट शनॅं ब्लां सुलाचीही आहे आणि यॉर्कचीही, दोन्ही पाठोपाठ चाखून बघा, मला असं तुलना करायला फार आवडतं. गर्दी नकोच असेल तर इगतपुरीच्या बाजूला मुकणे धरणाकाठी व्हॅलोने आहे, छोटी वाइनरी, त्यांची द्राक्षं सुकवून केलेली डेझर्ट वाइन आहे. निघण्याआधी फोन करून सध्या आहे का तेवढं विचारा, अशा वाइन थोड्याच बनतात.

टेस्टिंगमधे क्रम ड्रायकडून गोडाकडे जातो आणि तो बरोबरच आहे, आधी गोड प्यायली तर नंतरची ड्राय आंबटढाण लागते. पण त्यामुळे आपली वाइन येते सगळ्यात शेवटी, आणि तोवर जीभ थकलेली असते. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते की मला गोड आवडते, मधल्या जड रेड थोड्याच ओता किंवा नकोच, आणि जे आवडत नाही ते थुंकायच्या भांड्यात टाकते. त्यात लाजण्यासारखं काय, ते भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. आणि एक प्रश्न नक्की विचारा, हिच्यात रेसिड्युअल शुगर किती? कारण फ्रूटी म्हणजे गोड नव्हे! सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन नाकाला लावली की पेरूचा वास येतो आणि जिभेवर ती चक्क ड्राय असते, इथेच सगळे फसतात. एका वाइनरीत काउंटरवरच्या मुलीला मी हा प्रश्न विचारला तर तिचा चेहराच खुलला, तिने प्रत्येक वाइनचा आकडा सांगितला आणि यादीत नसलेली एक सेमी-स्वीटही आतून आणून चाखवली. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र उत्तर मिळालं की लेडीजना रोझे, म्हणजे गुलाबी वाइन आवडते, रोझे घ्या. ती रोझे ड्राय होती.

घरी आणल्यावर कशाबरोबर प्यायची तर जलेबी-रबडीबरोबर नाही, समोरचा पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन फिकी आणि आंबट लागते. गोडाला खारट-तिखट हवं. फ्रान्समधे सोतेर्न या गोड वाइनबरोबर खारट ब्लू चीज खातात, आपण इंदूरकर, आपल्याकडे लवंगवाली रतलामी शेव आहे, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद आहे. गरम गराडू, वर जिरावन मसाला आणि लिंबू, बाजूला फ्रिजमधून काढलेली थंडगार लेट हार्वेस्ट, छोटा ग्लास. मी पाहुण्यांना हेच देते आणि वाइन झेपत नाही म्हणणाऱ्या मैत्रिणीच दुसऱ्यांदा ग्लास पुढे करतात.

फेब्रुवारीत जमलं तर जा, काढणीचे दिवस असतात, द्राक्षं वाइनरीत येताना बघायला मिळतात. गाडीत एक जण न पिणारा ठेवा किंवा ड्रायव्हर घ्या, याला पर्याय नाही. बाटल्या राज्याबाहेर किती नेता येतात ते आधी विचारून बिल जपून ठेवा, आणि परतताना त्या उन्हात तापलेल्या डिकीत टाकू नका, सीटखाली ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवा.