मस्टँगला सुपरचार्जर की थेट शेल्बी? माझा अनुभव, आणि स्मॉग चेकचं शुक्लकाष्ठ

कॅलिफोर्नियात राहून मस्टँग जीटीला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) बसवायचं मनात असेल, तर हॉर्सपॉवर, बूस्ट (त्या जादा हवेचा दाब), डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद हे सगळं नंतर बघा. आधी ज्या किटवर डोळा आहे त्याचा ईओ नंबर काढा. ईओ म्हणजे एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने (सगळे ‘कार्ब’ म्हणतात) त्या पार्टला दिलेली मंजुरी. नंबर ‘डी’ने सुरू होतो आणि पुढे आकडे असतात. तो नसेल तर गाडी स्मॉग चेकमध्ये, म्हणजे सरकारी प्रदूषण तपासणीत, अडकते. किट कितीही स्वस्तात मिळत असो, नाद सोडा. ईओ असूनही काय काय अडतं ते पुढे येईलच. त्याचा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा भाषा जरा तिखट झाली तर सांभाळून घ्या.

आधी निवडीचं. गाडी २०१७ची मस्टँग जीटी, ५ लिटरचं कोयोटी व्ही-८, कंपनीच्या आकड्यानुसार ४३५ हॉर्सपॉवर, सहा गिअरची मॅन्युअल आणि परफॉर्मन्स पॅक. समोर पर्याय तीन. हीच गाडी सुपरचार्ज करायची, किंवा ती विकून जुनी शेल्बी (मस्टँगचीच जास्त ताकदवान आवृत्ती) जीटी३५० घ्यायची, किंवा थेट जीटी५०० घ्यायची.

जीटी५०० माझ्यापुरती लगेच बाद झाली. ७६० हॉर्सपॉवर खरे, पण २०२० ते २०२२ या मॉडेलना मॅन्युअल मिळतच नाही. सात गिअरचा ड्युअल क्लच, बस्स. तो पायाने क्लच दाबणाऱ्यापेक्षा कितीतरी झटपट गिअर टाकतो, हे मान्य. मला स्वतः गिअर टाकायचे आहेत, विषय संपला. शिवाय नवी होती तेव्हा मूळ किंमत ७३ हजार डॉलरच्या घरात आणि त्यावर डीलरने लावलेली जादा रक्कम, म्हणजे ‘मार्केट ॲडजस्टमेंट’. जुनी घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गॅस गझलर टॅक्स (जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाडीवरचा कर) नव्या गाडीवर एकदाच लागतो, तेव्हा जुन्या गाडीच्या हिशेबात तो कुणी धरू लागला तर ऐकू नका. आणि पुढच्या ब्रेक डिस्क ४२० मिमीच्या आहेत. बघायला जाल तेव्हा डिस्कची जाडी मोजून घ्या, बदलायची वेळ आली तर खिसा रिकामा होतो.

जीटी३५० ने मात्र खरंच घोळवलं. ५.२ लिटर, फ्लॅट-प्लेन क्रँक, सुपरचार्जर नाही, ५२६ हॉर्सपॉवर आणि ८,२५० आरपीएमपर्यंत चढणारं इंजिन. गिअरबॉक्स ट्रेमेकचा, जीटीमधल्या एमटी-८२ पेक्षा सरस. ट्रॅकवर जाणार असाल तर डोळे मिटून हीच घ्या, पण शक्यतो २०१७ नंतरची. २०१६च्या ट्रॅक पॅकेज नसलेल्या गाड्यांना गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कूलर नव्हते. ट्रॅकवर काही फेऱ्या झाल्या की तेल तापायचं आणि गाडी लिम्प मोडमध्ये जायची, म्हणजे स्वतःला वाचवायला ताकद कमी करायची. २०१७ पासून कूलर सगळ्यांनाच दिले. हे इंजिन तेलही पितं. विकणारा ‘अजिबात नाही’ म्हणत असेल तर डिपस्टिक तुमच्या हाताने ओढून बघा.

आता सुपरचार्जरचं गणित. चांगलं ईओवालं किट आठ-नऊ हजार डॉलरला येतं आणि जीटीला साडेसहाशे-सातशे हॉर्सपॉवरपर्यंत नेतं. ‘डॉलरमागे हॉर्सपॉवर’ या हिशेबात शेल्बी पार झोपते. जाहिराती इथेच थांबतात. खर्चाची यादी पुढेही आहे:

क्लच. मूळ क्लच साडेपाचशे पाउंड-फुटांच्या आसपासचा टॉर्क फार काळ धरत नाही. चौथ्या गिअरमध्ये खालच्या आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, काटा वर पळाला आणि गाडी मागेच राहिली, तर तो घसरतोय. ट्विन-डिस्क घ्या, आणि गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर थ्रो-आउट बेअरिंगही बदला.

तेलपंपाचे गिअर. कोयोटीमध्ये ते सिंटर केलेल्या धातूचे, म्हणजे ठिसूळ. रेव्ह लिमिटरवर इंजिन आपटलं किंवा मागची चाकं उड्या मारू लागली की त्या झटक्याने तडकतात. तेलाचा दाब शून्यावर येतो आणि इंजिन संपतं. बिलेट स्टीलचे गिअर महाग नाहीत, मजुरी महाग आहे, कारण टायमिंगचं पुढचं कव्हर उतरवावं लागतं. म्हणून सुपरचार्जर बसवतानाच हे काम उरकून घ्या, निम्मी खोलाखोल तेव्हा झालेलीच असते.

चाकांच्या उड्यांवर स्वस्त उपाय म्हणजे मागच्या सबफ्रेमचं लॉकआउट किट. शे-दोनशे डॉलर आणि एक दुपार. हे सुपरचार्जरच्याही आधी लावलं तरी चालेल. हाफशाफ्ट चिकट टायर लावेपर्यंत तग धरतात.

स्पार्क प्लग एक पायरी थंड आणि गॅप किटवाल्याने दिलेलीच ठेवा. बूस्टखाली जास्त गॅप ठेवली तर ठिणगी विझते आणि गाडी वरच्या आरपीएमला अडखळते. लोक मग उगाच कॉइल बदलत बसतात.

ब्रेक, कूलिंग, मागचा डिफरन्शियल यांवर मला खर्च पडला नाही, कारण परफॉर्मन्स पॅकमध्ये सहा पिस्टनचे ब्रेम्बो, ३८० मिमी डिस्क, टोर्सन आणि मोठा रेडिएटर आधीच आहे. साधी जीटी असेल तर तो खर्च धरा. मग शेल्बीशी असलेलं खर्चाचं अंतर बरंच आटतं आणि माझं मत उलटं होईल.

किट बसवण्याबद्दल विशेष काही सांगण्यासारखं नाही, ते नीट बसलं. फक्त इंटरकूलरचं (सुपरचार्जरची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचं) कूलंट व्हॅक्यूम लावून भरून घ्या. आत हवा राहिली तर पंप फिरतो पण पाणी फिरत नाही, आत जाणारी हवा तापते आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे खेचतो. मग ‘सातशेचे साडेपाचशेच का वाटतात’ म्हणून लोक ट्यूनला (ईसीयूतल्या सेटिंगला) शिव्या देतात. इंजिन चालू ठेवून इंटरकूलरच्या टाकीचं झाकण उघडून बघा, आत पाणी खळाळताना दिसलं पाहिजे. आणि डायनोच्या आकड्यांवर फार जाऊ नका. बाहेरच्या राज्यांतले बरेचसे आकडे ९३ ऑक्टेनवरचे असतात, आपल्याकडे पंपावरचं प्रीमियम ९१चं.

आता मुख्य दुखणं.

मॉडेल इयरपासून आठ वर्षांपर्यंत पेट्रोल गाडीला दर दोन वर्षांचा स्मॉग चेक लागत नाही, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. तुमची गाडी त्या सवलतीत असली तरी पुढचं वाचा, कारण सवलत संपते. विकायची झाली तर सवलत चारच वर्षं, आणि सर्टिफिकेट देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. सुपरचार्जर लावलेली जुनी गाडी कुणी ‘स्मॉग तुम्ही बघून घ्या, पाचशे कमी द्या’ म्हणून विकत असेल तर हात जोडून परत या.

पहिला धडा असा की बरीच स्मॉग स्टेशन बॉनेट उघडून वर बसलेला सुपरचार्जर दिसला की गाडी घ्यायलाच तयार होत नाहीत. ‘मॉडिफाइड नाही करत’ एवढंच उत्तर. म्हणून आधी फोन करा, आणि ‘ईओवाला सुपरचार्जर आहे, कागद सोबत आणतो’ हे वाक्य पहिल्याच दमात बोला.

गाडी घेतली गेली की तपासणी दोन ठिकाणी होते, डोळ्यांनी आणि ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा). २००० आणि त्यानंतरच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसत नाहीत, तेव्हा ‘माझी गाडी स्वच्छ जळते’ हा युक्तिवाद तिथे ऐकायलाही कुणी नसतं.

डोळ्यांची तपासणी म्हणजे स्टिकर. किटसोबत ईओ नंबर छापलेला चंदेरी स्टिकर येतो. तो बॉनेटखाली समोर, सहज वाचता येईल असा लावायचा असतो. माझ्या मेकॅनिकने तो लावला होता कॉइल कव्हरच्या आतल्या बाजूला, ‘दिसायला बरं’ म्हणून! गरमीने आणि डिग्रीझरने त्यावरचे आकडे उडाले होते. टेक्निशियनने कव्हर काढल्यावर खाली अर्धवट ‘डी’ आणि एक डॅश एवढंच शिल्लक. कार्बच्या वेबसाइटवर तो ईओ स्पष्ट आहे, मॉडेल इयर जुळतं, छापील प्रत हातात आहे, तरी मान हलेना. नवा स्टिकर किटच्या कंपनीकडून मागवावा लागतो, आणि त्यासाठी खरेदीची पावती, व्हीआयएन (गाडीचा चासी नंबर) आणि बसवलेल्या किटचे फोटो लागतात. आठवडे जातात. पावती जपून ठेवा. दुसऱ्याकडून जुनं किट घेणार असाल तर मूळ पावतीशिवाय घेऊच नका.

ईओचा मूळ कागद पूर्ण वाचा, नुसता नंबर बघू नका. त्यात मॉडेल इयर, इंजिन, पुलीचा व्यास आणि बूस्टची मर्यादा लिहिलेली असते. पुली छोटी केली की बूस्ट वाढतो आणि मंजुरी गेली. ‘फक्त पुली बदला, पन्नास घोडे फुकट’ सांगणारे प्रत्येक गॅरेजमध्ये असतात, स्मॉगच्या दिवशी त्यातलं कुणी बरोबर येत नाही. कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारा भाग) मागचा एक्झॉस्ट बदलायला ईओ लागत नाही, पण आवाज ९५ डेसिबलच्या आत हवा. कॅट हलवणारे लाँग-ट्यूब हेडर मात्र रस्त्यावरच्या गाडीला चालतच नाहीत.

आणि मग ओबीडी. १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये ईसीयूतलं सॉफ्टवेअरही तपासतात. गाडीकडून कॅलिब्रेशनचा आयडी आणि सीव्हीएन नावाचा आकडा वाचला जातो. हा त्या फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा, आत एक रकाना बदलला तरी तो बदलतो. तो कंपनीच्या किंवा ईओ मिळालेल्या फाइलशी जुळला नाही की नापास. हार्डवेअर शंभर टक्के मंजूर असलं तरी नापास.

इथेच माझी गाडी अडकली. किटसोबत आलेली फाइल मंजूर होती. पण थंड इंजिनला आयडल वरखाली व्हायचं म्हणून ट्यूनरकडून ‘थोडंसं’ सुधारून घेतलं होतं, आणि त्याने जाता जाता वरच्या आरपीएमचं टायमिंगही वाढवलं. डायनोवर वीस-पंचवीस घोडे जास्त दिसले, गाडी सुंदर चालायची. सीव्हीएनला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. ट्यूनरला विचारलं तर म्हणाला, ‘स्मॉगपुरती जुनी फाइल टाका, नंतर परत बदलू.’ हे ऐकायला जितकं सोपं, तितकं करायला नाही. शिवाय ते नियमाविरुद्धच, आणि दर दोन वर्षांनी हाच खेळ कोण करणार?

मूळ फाइल परत टाकली की ईसीयूचे सगळे रेडिनेस मॉनिटर (गाडीने प्रदूषण यंत्रणांची स्वतः केलेल्या तपासणीच्या नोंदी) पुसले जातात. नव्या पेट्रोल गाड्यांना फक्त इव्हॅपचा (पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेचा) मॉनिटर अपूर्ण असला तर चालतो, बाकी सगळे पूर्ण हवेत. कॅटॅलिस्टचा मॉनिटर तर हट्टी मुलासारखा. त्याला हायवेवर एकसारखा वेग लागतो, आणि बे एरियाच्या ट्रॅफिकमध्ये तोच मिळत नाही. रविवारी सकाळी लवकर निघा, क्रूझ कंट्रोल लावा, मध्ये जोरात ॲक्सिलरेटर देऊ नका. इव्हॅपही पूर्ण करायचा असेल तर टाकी १५ ते ८५ टक्क्यांमध्ये ठेवा आणि गाडी रात्रभर थंड होऊ द्या. तीसेक डॉलरचा ब्लूटूथ रीडर फोनला जोडून मॉनिटर घरीच बघा, स्टेशनवर जाऊन कळण्यात पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने विझवून लगेच तपासणीला जायचं, ही युक्तीही विसरा. बिघाडाचे पर्मनंट कोड स्कॅनरने पुसता येत नाहीत. कोड क्लिअर केल्यावर १५ वॉर्म-अप आणि २०० मैल झाले तरच ते दुर्लक्षित होतात.

नापास झालात आणि रजिस्ट्रेशनची तारीख जवळ आली, तर डीएमव्हीची (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याची) फी आधी भरून टाका. स्मॉग नंतर झाला तरी चालतो, पण फी उशिरा भरली की दंड. ५० डॉलर भरून ६० दिवसांचा तात्पुरता परवानाही मिळतो. स्टेशनवाला आणि तुम्ही यांचं कागदावरून जमतच नसेल तर रेफरीकडे (असे वाद सोडवणाऱ्या सरकारी तपासणी केंद्राकडे) जायची सोय आहे. तिथली माणसं ईओ वाचून पार्ट ताडून बघतात. जाताना सगळे पार्ट ईओत लिहिल्याप्रमाणेच हवेत, नाहीतर तिथेही तेच उत्तर.

आयडलचा प्रश्न? तो मूळ फाइलवरच सुटला. थ्रॉटल बॉडीच्या गॅस्केटमधून हवा आत येत होती. गॅस्केट बारा डॉलरचं. ट्यून बदलण्याआधी इनटेकमध्ये धूर सोडून हवेची गळती शोधायची चाचणी करून घ्या.

वॉरंटीबद्दल पुण्याहूनही विचारणा होते. इथे मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे नुसता पार्ट लावला म्हणून संपूर्ण वॉरंटी जात नाही, बिघाड त्या पार्टमुळे झाला हे दाखवावं लागतं. पण सुपरचार्ज केलेल्या इंजिनाचा पिस्टन फुटला तर ते दाखवणं कंपनीला अवघड नाही. भारतात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ पुढे (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावरचे निर्बंध) हा प्रश्नच वेगळा आहे, तिथल्या मस्टँगला असलं काही करायच्या भानगडीत पडू नका.

काढलेले मूळ पार्ट विकू नका. इनटेक मॅनिफोल्ड, इंजेक्टर, एअरबॉक्स, थ्रॉटल बॉडी, प्रत्येकाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवा. इंजेक्टरची तोंडं बंद करा, नाहीतर सील सुकतात. कॅलिफोर्नियात गाडी विकताना घेणाऱ्यांतले निम्मे आधी मूळ पार्टच्या खोक्याबद्दल विचारतात, आणि खोका असेल तर घासाघीस कमी होते.