मधली सुट्टी दोन भागांत करताना (माझा अनुभव)

आमचं हायस्कूल पाचवी ते दहावी, तालुक्याच्या गावातलं. यंदा जूनमध्ये मुख्याध्यापकांनी वेळापत्रकाचं काम माझ्या गळ्यात मारलं आणि वर सांगितलं की मधली सुट्टी दोन भागांत करा, कारण सगळी शाळा एकदम सुटली की हात धुवायच्या नळांवर झुंबड, आणि मागच्या पोरांचा घास तोंडात असतानाच घंटा होते.

वाटणी कुठे करायची इथेच पहिला घोळ. पोषण आहार आठवीपर्यंतच, म्हणून कोणीही म्हणेल 5 ते 8 एक गट आणि 9-10 दुसरा. पण मग खिचडीची रांग जशीच्या तशी, नळ तेवढेच, मग फायदा काय? म्हणून पाचवी ते सातवी आधी आणि आठवी ते दहावी नंतर असं ठरवलं. त्यावर स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "सर, आठवीच्या पोरांना काय दगड वाढू? एवढ्या वेळात खिचडीचा गोळा होतो." पटलं. आता आठवीचं पातेलं त्या उशिरा चढवतात. तांदूळ तसाही वेगळा मोजावा लागतो, पाचवीला पोरामागे 100 ग्रॅम, सहावी ते आठवी 150. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन रजिस्टरमध्ये नोंद करायची असते, ती आता दोनदा.

पण खरी गोम शिक्षकांची. आधी तास 35 मिनिटांचा आणि सुट्टी 40 ची होती, तशी ठेवून दोन गट केले असते तर एका गटाची घंटा दुसऱ्याच्या तासाच्या मध्येच वाजली असती. म्हणून सुट्टी पण 35 चीच केली, म्हणजे सुट्टी हा पण एक तासच समजायचा. तक्त्यात आठाऐवजी नऊ रकाने, चौथ्यात लहान गट जेवतो, पाचव्यात मोठा. आता गंमत बघा, गणिताच्या मॅडम सातवीला पण आहेत आणि नववीला पण. त्यांचा चौथा तास नववीवर पडला आणि पाचवा सातवीवर, तर दोन्ही सुट्ट्या होऊन गेल्या आणि मॅडमचा डबा पिशवीतच! असे दोन्हीकडे शिकवणारे शिक्षक आमच्याकडे निम्म्याहून जास्त. त्यामुळे मी तक्ता सोमवारच्या पहिल्या तासापासून भरलाच नाही, आधी सगळ्यांचं चौथा-पाचवा पक्कं केलं, मग विज्ञानाच्या प्रॅक्टिकलच्या जोडतासिका (नववी-दहावीच्या, त्या सुट्टीने तुटता कामा नयेत), आणि उरलेल्या जागेत बाकीचे विषय. उलट्या क्रमाने भरत बसलात तर शेवटी एखादा माणूस उपाशी राहतोच, आणि तो नेमका स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त बोलणारा असतो.

पीटीचे तास चौथ्या-पाचव्यात ठेवले नाहीत, मैदान एकच आहे. दहावीचे वर्ग मागच्या बाजूला हलवले, कारण लहान गट बाहेर सुटला की समोरच्या खोल्यांत शिकवणं म्हणजे बाजारात कीर्तन.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर दिसली नसती. पहिल्याच आठवड्यात सहावीतला एक पोरगा नववीच्या दाराबाहेर उभा. विचारलं तर म्हणे डबा ताईकडे आहे. भावाबहिणीत एकच डबा, दोन पोळ्या याच्या, तीन तिच्या, भाजी एकच. आणि हा एकटा नव्हता, अशी बरीच निघाली. काही पालकांनी दोन डबे द्यायला सुरुवात केली, पण सकाळी मजुरीला जाणाऱ्या आईला दुसरा डबा भर म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? अशा पोरांना प्रार्थनेनंतरच डब्यातलं आपलं काढून घ्यायला लावतो. त्यातली काही सरळ खिचडीलाच बसायला लागली.

सध्या डोकेदुखी ऑफ तासांची. कोणी रजेवर असलं की सुपरवायझर सर तक्त्यात मोकळा दिसेल त्याला पाठवतात, आणि चौथ्यात मोकळा दिसणारा माणूस खरं तर जेवत असतो. म्हणून आता जेवणाचे चौकोन लाल रंगवलेत आणि त्यात 'जेवण' असं लिहिलंय, तरी सर कधीकधी विचारतातच, "पाच मिनिटं बसाल का हो वर्गावर?"